काठापासून काठापर्यंत

लीथम, विस्कॉन्सिन
९ ऑक्टोबर १९८३

टिलीवहिनी,

बोलिंगच्या हॉलमधलं घराचं काय आणि भाड्याचं काय, ते विमेवाल्यांसाठी लिहून पाठव म्हणालात. भाड्याची फक्त पिना उभ्या करणारी यंत्रं आणि सिगारेटचं कपाट. मी माझ्या हातांनी केलं ते असं: सात ते बारा नंबरच्या लेन, मेपलची एकेक पट्टी कडेवर उभी करून, शेजारणीला खिळ्यांनी जोडून, वरून रंधा मारून. मधल्या भागात पाइन आहे. तिथे बॉल नुसता घसरत जातो, आपटत नाही, त्यामुळे मऊ लाकूड चालतं. गुण लिहायची टेबलं, अक्रोडाची. भाड्याच्या बुटांची मांडणी. बॉल परत येतात त्यावरची झाकणं. बसायचे बाक, पाठ कलती ठेवून. दिवसभर फाउंड्रीत वाकलेल्या माणसाला सरळ पाठीच्या बाकावर बसवत नाही. करंडकांचं कपाट, पण त्याची काच माझी नव्हे. बारमागच्या आरशाची चौकट. लेनला तेल लावायची गाडी. तिची चाकं जुन्या गवतकापणीच्या यंत्राची, रूळ नमद्याचा, बाकी सगळं माझं.

हे मला कोणी शिकवलं नाही. किंमत विचारली तर सांगा, बाजारात मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट. एमिल गेल्यावर तुम्ही सांध्यांना ऊब हवी म्हणून बहिणीकडे ॲरिझोनात गेलात आणि हॉल जावयाच्या, डेलच्या हाती दिलात. त्यावर मी आजवर बोललो नाही. आज बोलतो.

सोमवारी डेल माझ्याकडे मागे यंत्रांपाशी आला. म्हणाला, "कॉनराड, नदीपलीकडे स्ट्रोबेलच्या हॉलमध्ये गेल्या हंगामात किती तीनशे झाले, माहीत आहे?"

"माहीत करून घ्यायचं नाही."

"सहा! आणि आपल्याकडे?"

"एकही नाही."

"आणि हे तू छाती पुढे काढून सांगतोस!"

"मग काय मान खाली घालून सांगू?"

वहिनी, तीनशे म्हणजे ओळीने बारा वेळा, दर वेळी पहिल्याच बॉलमध्ये दहाच्या दहा पिना आडव्या. ते रोज होऊ लागलं तर त्याला तीनशे कशाला म्हणायचं? स्ट्रोबेलकडे होतं, कारण तिथे लेनच्या मधोमध तेलाचा थर देतात आणि कडा कोरड्या ठेवतात. बॉल बाहेर गेला तर कोरड्यात पकड घेऊन आत वळतो, आत गेला तर तेलावर सरळ घसरतो. कसाही टाका, पोचायचं तिथे पोचतोच. असोसिएशनचा नियम आहे की तेल या काठापासून त्या काठापर्यंत सलग हवं. मी तसंच लावतो. डेल म्हणतो, स्ट्रोबेलसारखं लाव.

त्याची भीती मला कळते. फाउंड्रीच्या कामगारांची बुधवारची लीग मार्चमध्ये मत घेते, पुढचा हंगाम कुठे खेळायचा ते. ती गेली तर हॉल गेला. शनिवारच्या वाढदिवसांवर बारा लेन चालत नाहीत. पण खोट्या तेलावर टिकवलेली लीग टिकत नाही, एवढं त्याला तुम्ही सांगा. माझं तो ऐकत नाही.

कॉनराड लेमके


मेसा, ॲरिझोना
२२ ऑक्टोबर १९८३

कॉनराड,

यादी पोचली. विमेवाल्याने ती वाचून विचारलं, "हा माणूस घराचा की भाड्याचा?" मी म्हटलं, तीस वर्षांत ते मलाही कळलेलं नाही.

तुझ्या दुसऱ्या गोष्टीने मात्र माझी कॉफी गार झाली. डेल वाईट नाही रे. आमची मर्ना सांगते, जेवतानाही त्याच्या तोंडी स्ट्रोबेलच. एमिलचा काळ वेगळा होता. तेव्हा माणसांना जायला दुसरी जागा नव्हती. आता पूल झालाय. लोकांना प्रामाणिक लाकडासाठी थांबवून धरता येत नाही, पलीकडे बिअर तेवढीच थंड असताना.

आणि मला सांग, माणूस दिवसभर तापल्या लोखंडापुढे उभा राहतो. संध्याकाळी त्याला चार पिना जास्त मिळाल्या, घरी जाऊन बायकोला सांगता आलं, तर तुझ्या मेपलचं काय झिजतं? तुला लाकूड दिसतं, मला माणसं दिसतात. तू नेहमीच असा. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी टेबलाचा पाय डुगडुगतोय म्हणून खाली शिरलेला तूच.

डेल म्हणतो तसं तेल लाव. मी सांगते म्हणून लाव.

टिली


लीथम
४ डिसेंबर १९८३

टिलीवहिनी,

तुम्ही लाव म्हणालात. मी लावलं नाही. गाडी डेलला दिली, रूळ कसा धुवायचा ते दाखवलं, आणि मागे यंत्रांपाशी जाऊन बसलो. तेव्हापासून लेन तोच करतो. हॉल तुमचा, तेव्हा तक्रार नाही.

खरं ते लिहितो: लोक खूश आहेत. ज्यांना कधी धड जमलं नाही त्यांच्या पिना धडाधड पडतात. क्लेम नोवाकची सरासरी आयुष्यात पहिल्यांदा दोनशेच्या वर गेली. क्लेम तुम्हाला आठवत असेल. साचे करतो, लीगचा सेक्रेटरी, बॉल सोडताना जीभ बाहेर काढतो तो. त्याच्या छातीत फाउंड्रीची वाळू बसली आहे. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा खेळ, पुढचा नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने मला बारवर धरलं. "कॉनराड, इतकी वर्षं तू मला मुद्दाम छळत होतास होय रे? डेलने आल्या आल्या मला खेळायला शिकवलं!" सगळे हसले. मीही हसलो.

तेव्हा वाटलं, तुमचंच बरोबर असेल. पण मग हरणांचा आठवडा आला.

तुम्हाला माहीत आहे, शिकारीच्या त्या आठवड्यात लीथममध्ये माणूस सापडत नाही. चर्चचं गायनसुद्धा बंद असतं. एमिल त्या बुधवारी हॉललाच कुलूप लावून जंगलात जायचा. डेलने लीग चालू ठेवली. म्हणाला, बार एक दिवसही रिकामा ठेवता येत नाही, आणि वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. तीन संघ आले. न आलेल्यांचे गुण गेले. क्लेमचा संघ पहिला होता, चौथा झाला.

पुढच्या बुधवारी क्लेम बंदुकीचा वास अंगावर घेऊनच आला. "डेल, हरणांना विचारलं होतंस का, बाबांनो, पुढच्या आठवड्यात मरता का म्हणून?"

डेल म्हणाला, "क्लेमकाका, नियम सगळ्यांना सारखा."

"असं होय. मग आम्ही मार्चमध्ये बघू, सगळ्यांना सारखं."

डेलचा चेहरा पडला. त्या दिवसापासून तो मधला थर आणखी जाड लावतो. लोक खेळायला उभे राहिले की राग विसरतात. क्लेम आता आठवड्यातून दोनदा सरावाला येतो. मी डेलला एकदाच म्हटलं, "यांच्यातल्या कोणाला खरंच तीनशे पडले तर काय करशील?" तो म्हणाला, "नाचेन."

कॉनराड


मेसा
१९ डिसेंबर १९८३

कॉनराड,

ग्रेपफ्रूटची पेटी पाठवली आहे. क्लेमलाही त्यातली दे, छातीला बरी. डेलची पत्रं आनंदाची आहेत, बार भरलेला असतो म्हणे. तुझी पत्रं वाचली की वाटतं तुम्ही दोघं वेगवेगळ्या गावात राहता.

जानेवारीत मिल्वॉकीहून एक माणूस येईल. छपराचं बघायचं आहे. त्याला हवं ते मोजू दे, फार प्रश्न विचारू नकोस. नाताळच्या शुभेच्छा. मफलर विणायचा होता, पण बोटं वळत नाहीत.

टिली


लीथम
१९ फेब्रुवारी १९८४

टिलीवहिनी,

आधी छपराचं. तुमचा माणूस आला, आणि शिडी न मागता सगळी मोजमापं जमिनीवरूनच करून गेला. पार्किंग दोनदा मोजलं. लेनकडे पाहिलंसुद्धा नाही. अशा माणसाला पैसे देऊ नका. पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतं ते मीच उन्हाळ्यात करीन.

आता बुधवारचं. डेलने तुम्हाला फोन केला असेल, पण तो रडत होता, त्यामुळे काय सांगितलं असेल ठाऊक नाही. मी क्रमाने लिहितो.

क्लेम नऊ आणि दहा नंबरवर खेळत होता. पहिले पाच स्ट्राइक, पाचही वेळा दहाच्या दहा, कोणाच्या लक्षातही आले नाहीत. सातव्यानंतर शेजारच्या लेनवरचे थांबले. त्यानंतर त्याच्याशी कोणी बोललं नाही, कोणी जागा बदलली नाही. तुम्हाला आपल्या लोकांची रीत माहीत आहे, अशा वेळी बोललं की नशीब बिघडतं. एकाचा हात बिअरच्या पेल्यावर होता, त्याने तो उचललाही नाही. मी यंत्र सोडून पुढे आलो. शेवटचा बॉल त्याच्या हातून चुकला, वहिनी. मी पाहिलं. खूप बाहेर गेला, लेनच्या कडेच्या गटाराशी. माझ्या लेनवर तिथे चार पिना पडल्या असत्या. पण तिथे कोरडं होतं. बॉलने पकड घेतली, वळला, आणि नऊ पिना उडाल्या. दहावी जरा विचार करून पडली.

क्लेम वळलाच नाही. तसाच उभा राहिला, जीभ बाहेर. मग आख्खा हॉल त्याच्या अंगावर पडला. डेल खरंच नाचला. ब्रँडी फुकट. कोणीतरी क्लेमच्या बायकोला फोन करून रिसीव्हर नुसता हवेत धरला.

रीतीप्रमाणे डेलने नऊ-दहावर दोर बांधला. असोसिएशनचा तपासनीस फेरिस येईपर्यंत त्या लेनला हात लावायचा नसतो. तो पास म्हणाला तरच तीनशे खरे, तरच असोसिएशनची तीनशेची अंगठी. दोर बांधताना डेलच्या ध्यानात आलं. मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं.

सकाळी मी गेलो तेव्हा तो दाराशीच होता. "फेरिस दुपारी येतोय. कॉनराड, एकदा गाडी फिरव. तुझ्या पद्धतीने. काठापासून काठापर्यंत."

"दोर बांधलाय."

"दोर मीच बांधलाय!"

"म्हणून तर."

"तो म्हातारा माणूस मरायला टेकलाय रे, कॉनराड."

"म्हणून तर जास्तच."

तो स्वतः करायला गेला नाही, हे त्याच्या बाजूने लिहितो. करू शकला असता.

फेरिस आला. क्लेम चर्चचा सूट घालून आला होता, बायकोला घेऊन. लीगची दहा-बारा माणसं होती. फेरिसला माझ्या लेन पाठ आहेत. त्याने तपासणीची पेटी उघडलीच नाही. म्हणाला, "कॉनराड, नेहमीसारखंच ना? तूच लावलंस?" हातात पेन होतं. मी हो म्हणालो असतो तर तो सही करून ब्रँडी प्यायला बसणार होता.

मी म्हणालो, "नाही."

त्याने मला दुसरी संधी दिली. भला माणूस आहे. म्हणाला, "म्हणजे गाडी दुसऱ्याने ढकलली असेल, पण तुझ्या देखरेखीखाली—"

"नाही, मिस्टर फेरिस. ऑक्टोबरपासून या लेनला माझा हात नाही."

मी डेलचं नाव घेतलं नाही. तेलाबद्दल एक शब्द बोललो नाही. जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. मग फेरिसला पेटी उघडावी लागली. गुडघे टेकून त्याने चिकटपट्टी लावली, उचलली, उजेडात धरली. कडेची पट्टी कोरडी, मधली ओली. क्लेमकडे न बघताच त्याने टोपी घातली.

नंतर क्लेम माझ्याकडे मागे आला. "बॉल मीच टाकले ना?"

"तूच."

"बाराच्या बारा?"

"हो."

"मग तेल कोणी लावलं याचं काय मध्येच?"

"क्लेम, लेनच तुझ्या बाजूने खेळत होती."

त्याला खोकला आला. बराच वेळ आला. मी पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही.

कॉनराड


मेसा
२७ फेब्रुवारी १९८४

कॉनराड,

दोन दिवस लेखणी हातात धरली नाही, कारण धरली असती तर कागद फाटला असता.

एक शब्द! तुला "हो" म्हणायचं होतं. एमिलने काय केलं असतं ठाऊक आहे? फेरिसने तोंड उघडायच्या आत त्याला ब्रँडी पाजली असती आणि क्लेमच्या बायकोच्या गालाचा मुका घेतला असता. आणि तू त्याला खोटं म्हणाला नसतास. तू त्याच्यासाठी खिळा धरला असतास, त्याने हवा तिथे ठोकावा म्हणून.

तुझा शब्द तीन काउंटींत चालतो, हे मलाही माहीत आहे. फेरिस पेटी उघडत नव्हता ते त्यामुळेच. मग तो शब्द तू कोणासाठी राखून ठेवलास, मेल्या? क्लेमला एक अंगठी हवी होती, बोटात घालून मरायला.

आता ऐक. मिल्वॉकीचा माणूस छपराचा नव्हता. किराणा दुकानांच्या साखळीवाल्यांचा होता. त्यांना जागा हवी आहे, हॉल पाडतील. मी त्यांना मार्चपर्यंत थांबवून ठेवलं होतं. लीग राहिली तर मी त्यांना नाही म्हणणार होते. तुला सांगितलं नाही, कारण तू ते डेलच्या तोंडावर फेकलं असतंस.

अजून मत व्हायचंय. क्लेमकडे जा. फेरिसकडे जा. म्हण, मी चिडलो होतो, जावयाशी माझं जमत नाही, त्या भरात बोललो. लोक विश्वास ठेवतील. तुझ्यावर ठेवतातच. माझं आयुष्य त्या इमारतीत गेलं, कॉनराड. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

टिली


लीथम
२० मे १९८४

टिलीवहिनी,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही होईना.

मी क्लेमकडे गेलो होतो. तुम्ही सांगितलेलं बोलायला नव्हे, आणि काय बोलायला ते स्वयंपाकघरात बसेपर्यंत मलाही कळलं नाही. त्याची बायको बटाटे सोलत होती, तिने सुरी थांबवली नाही. मी म्हणालो, "क्लेम, हॉल पाडायला काढलाय. लीग गेली तर संपलं. माझ्यावरचा राग हॉलवर काढू नकोस."

तो म्हणाला, "तुझ्यावर राग नाही. तू आहेस तसा आहेस. डेलवर राग आहे."

"तो तुमच्यासाठीच करत होता."

"तेच तर! स्ट्रोबेल तेच करतो, पण त्याला करता येतं. त्याच्याकडचे पास होतात. याला धड लबाडीसुद्धा करता येत नाही, आणि तुला धड खोटं बोलता येत नाही. तुम्हा दोघांच्या मधे आम्ही किती वर्षं उभं राहायचं?"

मग म्हणाला, "हरणांच्या आठवड्यात स्ट्रोबेल बंद ठेवतो."

मत झालं. सेक्रेटरी म्हणून चिठ्ठ्या क्लेमनेच मोजल्या. आपल्या बाजूला एकच पडली. कोणाची ते मी विचारलं नाही. क्लेम पुढच्या हंगामात कुठेच खेळणार नाही. आता तो जिना चढत नाही.

तुम्ही एप्रिलमध्ये कागदांवर सह्या केल्यात, ते डेलकडून कळलं. तुम्हाला दोष देत नाही. यंत्रं भाड्याची होती, कंपनीने नेली. लेन पहारीने उचकटल्या. पट्ट्या सुट्या निघत नव्हत्या, तेव्हा त्यांनी करवत लावली. मी दोन दिवस उभा राहून पाहिलं. तिसऱ्या दिवशी गेलो नाही. बाक चर्चने घेतले. आरशाची चौकट फुटली. डेल आणि मर्ना मिल्वॉकीला गेले, त्याच साखळीच्या गोदामात त्याला काम लागलं आहे. निघताना तो मला भेटायला आला. आम्ही हात मिळवले. तो म्हणाला, "मी नाचलो होतो, आठवतं?" मी म्हणालो, आठवतं.

फाउंड्रीनेही अर्धे लोक कमी केले. त्यामुळे लीग स्ट्रोबेलकडे तरी पुरती भरेल की नाही, कोणाला माहीत नाही.

शब्द कोणासाठी राखून ठेवलास, असं तुम्ही विचारलंत. मी त्यावर पुष्कळ विचार केला. उत्तर मिळालं असतं तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं.

परवा स्ट्रोबेल घरी आला. चांगला कोट, पायांत रबरी बूट. कॉफी घेतली, माझ्या खुर्चीवरून हात फिरवला, कोणी केली म्हणून विचारलं. मग म्हणाला, "कॉनराड, माझ्याकडे ये."

मी म्हटलं, "तुमच्या लेन मी माझ्या पद्धतीने करीन."

तो हसला. "लेन करायला माझ्याकडे माणसं आहेत. तू लेनला हात लावायचा नाहीस. तुला फक्त एकच काम. फेरिस आला की तू पुढे यायचं, आणि मी लावलं म्हणायचं. तुझं तो ऐकतो."

एमिलने मला वर्षाला तेरा हजारांच्या वर कधी दिले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत. स्ट्रोबेल वर्षाला एकोणीस हजार डॉलर देत होता. मी नाही म्हणालो.

कॉनराड